आधी थांबव, मग मिटव

काल रात्री तुझा मेसेज तीनदा वाचला. जॉर्डनमध्ये, अम्मानला येऊन चार महिने झाले आणि तू लिहितेस, ताई, टोळ्यांचे तंटे मिटवायची ही रीत म्हणजे सगळं नाटक आहे, म्हातारे लोक येतात, पुढे कॉफी ठेवतात, कोणी कपाला हात लावत नाही, भाषणं होतात, यजमान हो म्हणाला की सगळे कॉफी पितात आणि घरच्या बायकांना कोणी विचारतसुद्धा नाही, मी पुण्याला परत येऊ का? येऊ नकोस. निदान या कारणासाठी तरी नको.

तू फक्त जाहा बघितलीस गं, म्हणजे समेट मागायला येणारी मोठ्या माणसांची मंडळी, शेवटचा दिवस. अतवा, म्हणजे सूड थांबवायची मुदत, तो बघितलाच नाहीस, आणि खरं काम तिथं असतं. खून झाला की मोठी माणसं मयताच्या घरी लगेच जातात ती समेट मागायला नाही, मुदत मागायला. तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस, तेवढ्यात कोणी कोणावर हात टाकायचा नाही. मग ती मुदत वाढत जाते, कधी महिने, कधी वर्षं. दोन कफील उभे राहतात (आपल्याकडे गल्फहून आलेल्यांना कफील म्हणजे व्हिसावाला मालक एवढंच माहीत, इथं तो जामीन), एक सूड होऊ देणार नाही म्हणून आणि दुसरा ठरलेलं पाळलं जाईल म्हणून. जॉर्डनने टोळ्यांचे कायदे १९७६ मध्येच रद्द केले, तरी आजही सरकारी अधिकारी अतवा घडवून आणायला धावपळ करतात, कारण पोलीस आरोपीला पकडतील, त्याच्या मागे लागलेल्या दहा चुलतभावांना कुठं कुठं पकडणार?

आधी थांबव, मग मिटव. तुम्हा लोकांना ट्रेनिंगमध्ये दोन्ही एकाच दुपारी शिकवतात, तिथंच घोळ होतो.

कुवेतचे तेव्हाचे अमीर, म्हणजे तिथले राजे, शेख सबाह यांचं बघ. ५ जून २०१७ ला सौदी, यूएई, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले, तर ऐंशी कधीच ओलांडलेला हा माणूस मध्यस्थीसाठी रमजानमध्ये जेद्दा, दुबई, दोहा करत फिरला. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनला म्हणाले की लष्करी कारवाई थांबली हे महत्त्वाचं. ते चार देश नाराज झाले, आमचा असा विचारच नव्हता म्हणाले. पण म्हाताऱ्याला कळत होतं आधी काय करायचं ते. मिटलं कधी, तर ५ जानेवारी २०२१ ला, सौदीतल्या अल-उलात, आणि शेख सबाह २९ सप्टेंबर २०२० लाच गेले होते. साडेतीन वर्षं! तू चार महिन्यांत कंटाळलीस.

बरं, बायकांना विचारत नाहीत हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्यावर मी वाद घालणारच नाही. पण मग तू का नाही गेलीस आत?

हे मी रागानं विचारतेय, कारण मीही गेले नव्हते. दोन घरांचं भांडण, एक मुलगा गेलेला, आमच्या प्रोजेक्टचे अकरा दिवस उरलेले आणि फंडिंगवाल्यांना सह्या हव्या होत्या. पुरुषांच्या दिवाणखान्यात मी एकटी बाई, त्याचाच मला इतका अभिमान की पडद्यापलीकडे त्या मुलाची आई बसलीय हे माहीत असून उठले नाही. सह्या झाल्या, कॉफी झाली, फोटो झाले. पाच महिन्यांनी समोरच्यांचं दुकान जाळलं, तिच्या धाकट्यानं. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, वरून रोज फोन येत होते, माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं असं मी बरीच वर्षं म्हणत आलेय आणि अजूनही मला ते अगदी खोटं वाटत नाही. पण मुदत मागायची सोडून मी समेट मागितला, हे माझंच.

आणि नुसतं थांबवूनही भागत नाही हं. लेबनॉनमध्ये १९८९ च्या ताइफ करारानं १९७५ पासूनचं युद्ध थांबवलं, १९९१ मध्ये युद्धातल्या गुन्ह्यांना माफीचा कायदा आला, आणि बेपत्ता माणसांच्या आया फोटो घेऊन बसून राहिल्या. त्यांच्यासाठी शोध आयोगाचा कायदा व्हायला २०१८ उजाडलं. थांबवलं आणि मिटलंच समजून सगळे घरी गेले की असं होतं. ती मधली मुदत असते कशाला? आत जायला, बसायला, तिचं ऐकायला. तुला बाई म्हणून जिथं जाता येतं तिथं त्या शेखांपैकी एकालाही जाता येत नाही, आणि तू परत यायच्या गोष्टी करतेस!

तुझ्या केसमध्ये अजून अतवा चालू आहे म्हणालीस ना, मग उद्या सकाळी जा. वही नको, फॉर्म नको, फोन बंद. चहा देतील तो पी. आणि मला रिपोर्ट पाठवू नकोस, फक्त त्या आईचं नाव विचारून कळव. सगळे तिला थोरल्या मुलाच्या नावानं उम्म अमुक, म्हणजे अमुकची आई, म्हणत असतील, ते नाही, तिचं स्वतःचं. माझ्या फाईलमध्ये त्या रकान्यात 'मयताची आई' एवढंच लिहिलंय.