"कॉम्प्युटरनेच सांगितलंय, मग खरंच असणार ना?"

गर्भारपणात विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांकडून हल्ली हा प्रश्न सारखा ऐकू येतो. काही ठिकाणी या तपासणीत बाळाच्या मेंदूची मोजमापं आता सॉफ्टवेअर आपोआप घेतं. डॉक्टरची नजर चुकेल, मशीन कसं चुकेल, असा या प्रश्नामागचा समज असतो. गोव्यातल्या साखळीहून आलेल्या एका जोडप्याची हकिकत त्यासाठीच सांगते. नावं बदलली आहेत.

मानसीला वीस आठवडे दोन दिवस झाले होते. रिपोर्टमध्ये एकच ओळ लाल होती: मेंदूतल्या पार्श्व पोकळीची, म्हणजे आतल्या बाजूच्या पाण्याने भरलेल्या जागेची, रुंदी १०.६ मिलिमीटर. रोहन रात्रभर मोबाइलवर 'डोक्यात पाणी' शोधत बसला होता. मानसी मात्र पर्स मांडीवर घट्ट धरून गप्प.

पहिल्या भेटीत मी रोहनच्या प्रश्नांना उत्तरं दिली. हे सॉफ्टवेअर काय करतं? पोटावर फिरवायच्या प्रोबने बाळाच्या डोक्याचा त्रिमित ठोकळा टिपला, की त्यातून ते ठरलेले तीन आडवे छेद शोधतं: पोकळ्यांचा, थॅलॅमसचा (मेंदूच्या मधोमध असलेल्या भागाचा) आणि लहान मेंदूचा. मग डोक्याचा घेर, पोकळीची रुंदी, लहान मेंदूची रुंदी आणि त्यामागच्या पाण्याच्या जागेची खोली मोजतं. पोकळी १० मिलिमीटरच्या आत असावी, मागची जागा २ ते १०. या दिवसांत लहान मेंदूची रुंदी मिलिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते. मानसीच्या बाळाची ती २० होती. बाकीचे आकडेही ठीक होते. रोहनने मान हलवली. मानसीपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी रोहनला बाहेर पाठवलं नाही, फक्त दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलं. मानसीला एवढंच विचारलं, "लाल ओळ दिसली तेव्हा पहिलं काय आठवलं?" बऱ्याच वेळाने तिने पर्समधून छोटी डायरी काढली.

"सत्तावीस."

"काय सत्तावीस?"

"म्हापशाला कामावर स्कूटरने गेले ते दिवस. सासूबाई नको म्हणत होत्या. रस्त्याला किती खड्डे आहेत, मॅडम. बाळाचं डोकं..." पुढचं तिला बोलवेना.

सत्तावीस दिवस तिने तारखांसकट लिहून काढले होते. मी ते सगळे वाचू दिले, मध्ये थांबवलं नाही. शेवटची तारीख झाल्यावर सांगितलं, "खड्ड्यांनी पोकळी रुंदावत नाही. पाण्याची वाट अडणं, आईला झालेला एखादा संसर्ग, गुणसूत्रांतला फरक, क्वचित मेंदूत रक्तस्राव, ही कारणं असू शकतात. तुमच्याइतक्या किंचित वाढीत बहुतेक वेळा कारणच सापडत नाही." तिने डायरी मिटली आणि चार दिवसांतला पहिला प्रश्न विचारला:

"मग हे १०.६ मोजलं कुणी?"

माझ्या मते सगळं काम त्या प्रश्नात झालं. अपराधीपण बोलून बाहेर पडल्याशिवाय माहिती मनात शिरत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या कामातून ठामपणे सांगू शकते. आधी आकडे समजावले तर माणूस तेच आकडे स्वतःवर खटला चालवायला वापरतो. म्हणून हल्ली मी आधी 'सत्तावीस' शोधते आणि मगच मिलिमीटरकडे वळते.

मग कागदावर डोक्याचा लंबगोल काढला, आत पोकळ्या. तवसं सरळ कापलं तर चकती गोल पडते, तिरकं कापलं तर लांबट. छेद तिरका गेला की पोकळीही तशीच रुंद भरते. मोजमाप पोकळीच्या मागच्या रुंद भागात, तिच्या अक्षाला काटकोनात, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत व्हायला हवं. खूण भिंतीच्या बाहेरच्या कडेवर पडली तरी अर्धा मिलिमीटर सहज वाढतो. प्रोबकडची बाजू कवटीच्या प्रतिध्वनीने धूसर दिसते, म्हणून पलीकडची मोजतात. शिवाय सॉफ्टवेअर शिकतं ते तज्ज्ञांनी खुणा केलेल्या चित्रांवरून. दुर्मीळ दोषांची चित्रं मुळातच थोडी, त्यामुळे तिथे ते कच्चं राहतं. म्हणजे लाल ओळीने घाबरून जाऊ नये, तसं सगळं हिरवं आलं म्हणून डॉक्टरने प्रतिमा न बघता सही करू नये.

पट्टीवर ०.६ मिलिमीटर दाखवायला गेले, तर दोन रेघांमध्ये नीट टिंबही मावेना. मानसी पट्टी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिली.

तज्ज्ञांकडे जाताना कागदावर प्रश्न लिहून न्या: आकडा हाताने पुन्हा मोजला का? दोन्ही बाजू पाहिल्या का? मेंदूच्या मधला पारदर्शक पडद्याचा कप्पा आणि दोन अर्धगोलांना जोडणारा पूल दिसला का? पोकळीची रुंदी १० ते १२ मिलिमीटर असेल तर वाढ सौम्य, १३ ते १५ मध्यम, १५च्या वर तीव्र. सौम्य असेल, दुसरा कुठलाच दोष नसेल आणि तपासण्या नॉर्मल असतील, तर ९० टक्क्यांहून अधिक मुलांची वाढ नेहमीसारखी होते. मात्र 'दुसरा दोष नाही' हे गृहीत धरू नका, तपासून घ्या: सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्मा या संसर्गांसाठी आईचं रक्त, गुणसूत्रांसाठी गर्भजल तपासणीबद्दल चर्चा, गरज वाटल्यास एमआरआय, आणि काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. गर्भजलाच्या सविस्तर अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून निर्णय लांबवू नका. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गंभीर दोषासाठी गर्भपात करायचा तर २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, त्यापुढे वैद्यकीय मंडळाचं. ही गोष्ट काही जण जोडप्यापासून लपवतात. मला ते पटत नाही. वेळ किती आहे हे कळलं, तरच तो शांतपणे वापरता येतो.

तज्ज्ञांनी हाताने मोजलं तेव्हा १०.२ भरलं. म्हणजे मशीन सपशेल खोटं नव्हतं, जरा जास्त मोजत होतं. रक्ताच्या तपासण्यांत संसर्ग निघाला नाही. गर्भजल तपासणी दोघांनी समजून घेऊन नाकारली.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात मानसी एकटीच आली. डायरीच्या त्याच पानावर, तारखांच्या खाली, तिने तीन आकडे लिहिले होते: १०.६, १०.२, ९.७. पुढे बत्तिसावा आठवडा असं लिहून जागा मोकळी सोडली होती.