विचारा आप्पांना : एअर इंडियाची इमारत नेमकी कुणाची?

प्रश्न : आप्पा, टाटांनी 2022 मध्ये एअर इंडिया घेतली. मग मुंबईतल्या नरिमन पॉइंटची ती उंच इमारत महाराष्ट्र सरकारनं कशी काय विकत घ्यायची ठरवली? कंपनीबरोबर ती टाटांकडे गेली नाही का? आणि एवढ्या मजल्यांवर इतकी वर्षं होतं तरी कोण?
(एक वाचक, येळ्ळूर)

उत्तर : नाही गेली. विमानं गेली, माणसं गेली, मिशीवाला महाराजाही गेला. इमारत तेवढी मागे राहिली. कंपनी विकायच्या आधीच केंद्रानं तिची स्थावर मालमत्ता आणि कर्जाचा मोठा बोजा एका वेगळ्या सरकारी कंपनीच्या नावावर करून ठेवला होता. त्यामुळे 27 जानेवारी 2022 ला टाटांच्या हाती विमान कंपनी आली, ती या इमारतीशिवाय.

खरी गंमत त्याआधीची आहे. जेआरडी टाटांनी 1932 मध्ये विमान कंपनी काढली, तीच पुढे एअर इंडिया. 1953 मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली, पण अध्यक्षाच्या खुर्चीवर जेआरडींनाच ठेवलं. समुद्रात भराव घालून काढलेल्या जमिनीवर 1974 मध्ये ही 23 मजली इमारत उभी राहिली, तेव्हाही अध्यक्ष तेच. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी या वास्तुरचनाकारांचा. 1978 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारनं जेआरडींना पदावरून काढलं. आणि त्याच इमारतीत टाटांचीच टीसीएस ही सॉफ्टवेअर कंपनी भाड्यानं बसायची! ज्यांनी कंपनी काढली, त्यांच्याच घरची दुसरी कंपनी तिथं भाडं भरत होती. असा योग मी दुसरीकडे बघितला नाही.

मी 1980 नंतरची काही वर्षं चर्चगेटजवळ एका सीएकडे कारकून होतो. फायली पोचवायला त्या इमारतीत जावं लागायचं. कोपरा असा वाऱ्याचा, की जूनमध्ये छत्री उघडणारा माणूस मुंबईत नवखा समजावा. डोक्यावर एअर इंडियाचं ते धनुर्धारी बोधचिन्ह. आत गेलं की लिफ्टची वाट बघत कंपन्यांच्या पाट्या वाचायच्या, हा माझा नाद. बँका, जहाजवाले, परदेशी कंपन्या. एखादी पाटी उतरून दुसरी चढली की त्या धंद्यात काहीतरी घडलंय, हे माझ्यासारख्या कारकुनालाही कळायचं. बेळगावहून परतताना सीएसाहेबांसाठी कुंद्याचा डबा न्यायचो. तो एकदा फायलींसोबत चुकून वरच्या एका ऑफिसात पोचला. डबा तेवढा परत मिळाला.

12 मार्च 1993 च्या दुपारी तिथं गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. वरच्या बँक ऑफ ओमानच्या कार्यालयाची वाताहत झाली. त्या दिवशीच्या साखळी स्फोटांत मुंबईत 257 माणसं गेली. मी तेव्हा इकडे बेळगावला आलो होतो, रेडिओवरच ऐकलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

2013 मध्ये एअर इंडियानं मुख्यालय दिल्लीला हलवलं आणि आपले मजलेही भाड्यानं द्यायला काढले. तोट्यातल्या कंपनीला त्या भाड्याचा आधार होता. माझं स्पष्ट मत आहे, की विमानं तोटा करत होती तेव्हा इमारत मुकाट्यानं कमावत होती. म्हणूनच ती विकायला मोलाची ठरली. 2018-19 च्या सुमारास बोली लागल्या, त्यात एलआयसी 1200 कोटी, जेएनपीटी (न्हावाशेवा बंदर चालवणारी सरकारी संस्था) 1375 कोटी आणि महाराष्ट्र सरकार 1400 कोटी. तेव्हा व्यवहार लटकला. शेवटी नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 1601 कोटींना खरेदी मंजूर केली आणि मार्च 2024 मध्ये केंद्रानंही होकार दिला. खालची जमीन मुळात राज्याचीच, भाडेपट्ट्यावर दिलेली. त्यापोटी येणं असलेले सुमारे 298 कोटीही राज्यानं सोडून दिले.

आता राज्याला ती कशाला हवी? जून 2012 मध्ये मंत्रालयाला आग लागली, कितीतरी खाती बाहेर विखुरली गेली आणि सरकार स्वतःच भाडेकरू झालं. मंत्रालयापासून ही इमारत चालत जाण्याच्या अंतरावर. आपल्याकडे कुणी खडेबाजारात दुकान भाड्यानं चालवत असेल आणि शेजारचीच जागा विकायला निघाली, तर तो काय करेल?

प्रश्न : माझा मुलगा टीसीएसमध्ये आहे. तो म्हणतो, कंपनी त्या इमारतीत कधी नव्हतीच, मुख्य ऑफिस ‘निर्मल’मध्ये. कोण खरं?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : ‘निर्मल’बाबत तो खरा, ‘कधी नव्हतीच’ याबाबत मी. निर्मल इमारतही नरिमन पॉइंटलाच आहे, आणि कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय तिथंच. पण एका काळात टीसीएसच्या पत्रांवर ‘एअर इंडिया बिल्डिंग, अकरावा मजला’ असाच पत्ता असायचा. मुलाला सांगा, आपल्याच ऑफिसातल्या एखाद्या निवृत्त साहेबाला विचार. ते चहा पाजून सांगतील.

प्रश्न : मग आपल्या हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बेळगावातल्या विधिमंडळाच्या इमारतीत, भाडेकरू का ठेवत नाहीत? वर्षभर तशीच उभी असते.
(एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी उद्घाटनाला आले, तेव्हापासून हिवाळी अधिवेशनाचे दिवस सोडले तर लोक हेच विचारतायत. अर्ज करून बघा. घरमालक बेंगळुरूला राहतो, पोस्टाचे पैसे मात्र तुमचे.