इन्सुलिन वाढवतोय, तरी बोक्याची साखर उतरत नाही. घरी कसं सांभाळायचं?

प्रश्न असा आहे: 'आमच्या १० वर्षांच्या बोक्याला आठ महिन्यांपासून मधुमेह आहे. इन्सुलिन वाढवत वाढवत सकाळ-संध्याकाळ सात युनिटवर आलोय, तरी साखर ४०० च्या खाली येत नाही. वजन मात्र वाढलंय. डॉक्टर म्हणतात हार्मोनचा आजार असू शकतो. आम्ही साताऱ्यात असतो. घरी कसं सांभाळायचं?'

मी डॉक्टर नाही. सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. आमच्या मधुमेही बोक्याला, पिल्याला, साडेतीन वर्षं रोज दोनदा इन्सुलिनची सुई टोचली, त्यात जे कळलं तेवढंच सांगते. आकडे सोडले तर तुमचा प्रश्न हा आमचाच प्रश्न आहे.

आधी वजनाबद्दल. साखर आटोक्यात नसलेलं मांजर वाळतं. बकाबका खातं, घटाघटा पाणी पितं, तरी पाठीचे मणके हाताला लागतात. तुमचा बोका साखर चारशे असताना अंग धरतोय. तुमच्या डॉक्टरांचा संशय योग्य जागी गेलाय. पण हार्मोनच्या वाटेला जाण्याआधी एक करा, सिरिंजच्या टोपणाचा रंग बघा.

चेष्टा करत नाहीये. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. यू-४० म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट, यू-१०० म्हणजे १००. यू-४० ची सिरिंज लाल टोपणाची, यू-१०० ची नारिंगी. पिल्याला सुरुवातीला यू-४० ची बाटली होती. माझ्या सासऱ्यांनाही यू-४० च, त्यामुळे फ्रीजच्या दारात दोघांचा संसार शेजारी शेजारी मांडलेला. एकदा लाल सिरिंज संपल्या. दुकानदाराने नारिंगी दिल्या, 'सगळ्या सारख्याच हो ताई' म्हणाला, आणि मी घेऊन आले. नारिंगी सिरिंजच्या एका युनिटच्या खुणेपर्यंत यू-४० भरलं तर आत जातं फक्त ०.४ युनिट. मी सहा युनिट म्हणून टोचत होते ते खरं २.४ होतं. दोन महिने! तेवढे दिवस आम्ही सगळे 'याला इन्सुलिन लागूच होत नाही' म्हणून कपाळाला हात लावून बसलो होतो. उलटं झालं असतं, म्हणजे यू-१०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये, तर दर युनिटमागे अडीच युनिट गेले असते आणि हे उत्तर लिहायला वेगळी गोष्ट असती.

तुमच्याकडेही हीच चूक निघाली तर घाईने योग्य सिरिंज आणून तोच आकडा भरू नका. एका रात्रीत डोस अडीचपट होईल. डॉक्टरांना फोन करून खरा डोस किती जात होता ते सांगा आणि तिथून पुढे मोजा. आम्ही अडीच युनिटपासून पुन्हा सुरुवात केली.

टोचणं नीट होतंय का हे तपासायच्या आणखी दोन-तीन गोष्टी. दाट केसांच्या बोक्याला सुई कधीकधी चिमटीच्या आरपार जाते आणि औषध केसांवर सांडतं. टोचल्यावर तिथे बोट फिरवून वास घ्या, इन्सुलिनचा वास दवाखान्यासारखा असतो, लगेच कळतो. दुधट दिसणारी बाटली तळहातांत हळू फिरवायची, खळखळ हलवायची नाही. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते गढूळ दिसलं तर टाकून द्यायचं, आणि त्यात कधीही काही मिसळायचं नाही. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेलं इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं, वितळल्यावर ते कितीही चांगलं दिसो.

हे सगळं नीट करूनही पिल्याची साखर हलली नाही. साधारण पाच-सहा युनिटच्या पुढे डोस गेला की डॉक्टर दुसरं काहीतरी शोधायला लागतात. आधी साधी कारणं: दातांचं दुखणं, लघवीतला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड, आणि खाजेसाठी कधी दिलेलं लांब पल्ल्याचं स्टिरॉइडचं इंजेक्शन. हे शेवटचं आठवून सांगा, कारण आपण ते विसरलेलो असतो. मग येतात दोन मोठे आजार. पहिला कुशिंग, म्हणजे शरीरात स्टिरॉइडसारखं हार्मोन जास्त होणं. त्यात कातडी कागदासारखी पातळ होते आणि जरा ओढली तरी फाटते. तो मांजरांत क्वचित दिसतो. दुसरा ॲक्रोमेगॅली, आणि तुमचं वर्णन मला त्याच्याकडे बोट दाखवताना दिसतंय.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याहून लहान पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात एक गाठ होते, बहुतेकदा कॅन्सरची नसलेली, आणि ती वाढीचं हार्मोन सोडत राहते. हे हार्मोन इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. त्याच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ नावाचा पदार्थ बनवतं आणि म्हातारपणी मांजर पुन्हा वाढायला लागतं. पंजे रुंद होतात, चेहरा थोराड होतो, खालचा जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, घोरणं सुरू होतं. रोज बघणाऱ्याला हे दिसत नाही. जुने फोटो काढा. पिल्या लहानपणी इतका किरकोळ होता की नाव पिल्याच पडलं, आणि पुढे सात किलोचा पिल्या बघून पाहुणे हसायचे. आम्हीही हसायचो. 'चांगलं खातापितं घर आहे' असं वाटायचं.

हा आजार वाटतो तितका दुर्मिळ नाही. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,२२१ मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं, तर सुमारे चौथाईंचं आयजीएफ-१ दर मिलीलीटरला १,००० नॅनोग्रॅमच्या वर निघालं. १,००० च्या वर गेलं की संशय पक्का धरतात, मग स्कॅन. एक बारकावा आहे. मधुमेह नुकताच कळलेला असताना, इन्सुलिन सुरू होण्याआधी, हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून सहा-आठ आठवडे इन्सुलिन झाल्यावर तपासतात. तुमचे आठ महिने झालेत, तेव्हा ती अडचण नाही. रक्त मांजरांचे नमुने तपासणाऱ्या लॅबकडेच जाईल एवढं बघा, माणसांच्या रिपोर्टवरचे 'नॉर्मल' आकडे इथे कामाचे नाहीत. तुम्ही साताऱ्यात आहात, शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे, तिथे विचारा. आमच्या शेजारी मिरज, माणसांच्या डॉक्टरांची अख्खी पेठ, पण बोक्याच्या पीयूषिकेसाठी तिचा काय उपयोग!

मुळावरचा उपाय म्हणजे गाठीचं ऑपरेशन. लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि नेदरलँड्समधलं उट्रेख्ट विद्यापीठ ही त्यासाठीची नावाजलेली ठिकाणं. नंतर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन सुटतं म्हणे. दुसरा उपाय रेडिएशन. पॅसिरिओटाइड नावाचं इंजेक्शन आहे, किंमत ऐकून मी फोन खाली ठेवला. कॅबर्गोलीनची गोळी आपल्याकडे मिळते, काही मांजरांना गुण येतो, काहींना नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिने दिली, पिल्याला फरक पडला नाही. मग उरलं इन्सुलिन, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

इथे माझं मत स्पष्ट आहे, आणि ते मला उशिरा सुचलं: या आजारात साखरेचा सुंदर आकडा गाठायच्या मागे लागू नका. साध्या मधुमेहात लवकर आणि नीट उपचार झाले तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंसुद्धा, तिथे आकड्यासाठी धडपडण्यात अर्थ आहे. इथे गाठ आहे तोवर ते होणं कठीण. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते ३०० च्या वर गेली की लघवीत उतरते, मग तहान लागते, मग शू-शीच्या ट्रेमधल्या वाळूचे ओले गोळे वाढतात. पिल्या बराच वेळ ३०० च्या आत राहिला की आमच्या घरात तो चांगला दिवस. वहीत साखरेपेक्षा मी तीन गोष्टी जास्त मन लावून लिहायचे: पाणी किती प्यायला, वाळूचे गोळे किती निघाले, उडी मारून खिडकीत बसला का. मागचे पाय टाचांवर टेकून चालायला लागला तर साखर नसांवर चढलीय असं समजा, ते डॉक्टरांना लगेच सांगा.

डोस वाढवायचा तो अर्ध्या-एका युनिटने, आणि मध्ये पाच-सात दिवस थांबून. या मांजरांना दहा, पंधरा, वीस युनिटही लागतात, आकड्याने घाबरू नका. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. ती गाठ रोज सारखं हार्मोन सोडत नाही. काल ज्या अकरा युनिटांनी केस हलला नाही, तेच अकरा युनिट एखाद्या दिवशी पुरेपूर लागू पडतात.

आमच्यावर ती रात्र आली. संध्याकाळी सातला सुई दिली, जेवला, आणि मग कोपऱ्यात जाऊन ओकला. मला कळलंच नाही. रात्री एकच्या सुमाराला स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. पिल्या दारू प्यायल्यासारखा भिंतीला टेकत चालत होता, डोळे मोठे, कान फडफडत होते. मीटरवर ३८. हिरड्यांना बोटाने मध चोळला (तोंडात ओतायचा नाही, फुप्फुसात जाऊ शकतो), दहा मिनिटांनी पुन्हा चोळला, शुद्ध नीट आल्यावर खायला दिलं आणि तसंच डॉक्टरांचं दार वाजवलं. मधाने वर आलेली साखर इन्सुलिन उरलेलं असेपर्यंत पुन्हा खाली जाते, म्हणून 'बरं वाटतंय ना, सकाळी बघू' करायचं नाही. त्या दिवसापासून नियम केला: आधी खाऊ द्यायचं, मग टोचायचं. खाल्लं नाही, ओकला, किंवा टोचलं गेलं की सांडलं हे कळलं नाही, तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही, डॉक्टरांना फोन. एक वेळ साखर चढली तर चालते, उतरली तर जीव जातो. मात्र सुई चुकलेली असताना मांजर मलूल पडलं, ओकायला लागलं, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास आला, तर ते कीटोन आहेत, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्लं. तेव्हा एक तासही दवडू नका.

साखर घरीच मोजा. दवाखान्यात मांजराची साखर नुसत्या भीतीने शंभर-दोनशेने चढते. कानाच्या कडेची शीर आधी कोमट कपड्याने शेकायची, मग टोचायची. पहिले आठ दिवस ओरबाडून घ्याल, नंतर बोका स्वतः कान पुढे करतो, कारण मागाहून चिकनचा तुकडा मिळतो. माणसांचा मीटर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दाखवतो. चालेल, पण एकच मीटर धरून राहा आणि कोणता आहे ते डॉक्टरांना सांगा.

खाण्याचं सांगताना मला घरातल्या मोठ्यांशी झालेली भांडणं आठवतात. दूध-भात, दूध-पोळी बंद. मांजर मांसाहारीच, पिठूळ खाणं त्याच्या साखरेला थेट चढवतं, आणि बहुतेक कोरडं खाद्यही पिठूळच असतं. ओलं, कमी पिठाचं खाद्य चांगलं. नुसतं उकडलेलं चिकन कायमचं पुरत नाही, टॉरिन (मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं पोषकद्रव्य) आणि कॅल्शियम कमी पडतं. पण खाणं बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला, कारण पीठ कमी झालं की तोच डोस जड होऊ शकतो. आणि या आजारातली भूक! पिल्या पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडायला शिकला होता. एकदा भडंगाची पिशवी फाडली, आणि आमच्या सांगलीच्या भडंगात लसूण, जो मांजराला विषारी. त्या दिवसापासून आमच्या घरात भडंग कुलपात. तेवढंच रोजचं खाणं चार-पाच वेळांत वाटून दिलं की त्याची कुरकुर थोडी कमी व्हायची. सासऱ्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या 'याला पण देऊन बघ' असं सुचवणारा प्रत्येक घरात एकजण असतो. द्यायच्या नाहीत.

वीज गेली तर धीर सोडू नका. जुलै २०२१ च्या पुरात सांगलीत कृष्णा नदी आयर्विन पुलापाशी ५० फुटांच्या वर गेली, आम्ही गावभागातून विश्रामबागेत बहिणीकडे गेलो, एका हातात मांजराची टोपली, दुसऱ्यात थर्मास. तिथेही वीज नव्हती. इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या डब्यात घालून ओल्या माठात ठेवली. वापरातली बाटली तिशीच्या आतल्या तापमानात तीन-चार आठवडे टिकते. खरी भीती एप्रिलच्या चाळिशीची आणि उन्हात उभ्या गाडीची.

शेवटी हृदय. वाढीचं हार्मोन हृदयाची भिंतही जाड करतं. बोका गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते आठवड्यातून दोनदा मोजा. सतत तीसच्या वर गेले तर साखर कितीही चांगली असो, डॉक्टरांकडे. आमचा पिल्या २०२४ मध्ये गेला तो हृदयानेच. आदल्या दिवशी खिडकीत बसला होता.

तुमच्या प्रश्नात इन्सुलिनचं नाव नाही आणि सिरिंजचा रंगही नाही. आज संध्याकाळच्या डोसच्या आधी बाटलीवरचा यू चा आकडा आणि टोपणाचा रंग बघून खाली लिहा.