आठवण ठेवणं हेही काम आहे

आई-बाबांनी बाळाची कामं वाटून घेताना ती अर्धी-अर्धी तोडू नका, अख्खं काम एकाकडे द्या. ‘लस तुझ्याकडे’ म्हणजे तारीख लक्षात ठेवणं, वेळ घेणं, कार्ड नेणं, नंतर ताप आला तर बघणं, सगळंच. एकाने आठवण करायची आणि दुसऱ्याने नुसतं जायचं, ही वाटणी नव्हे. आठवण ठेवण्याचा शीण कुणाला दिसत नाही, भांडणं मात्र त्यावरूनच होतात.

खरी कसोटी रात्रीची. तान्हं बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध मागतं. वरचं किंवा आईचं काढलेलं दूध देत असाल तर 9 ते 2 एकाची पाळी, 2 ते 7 दुसऱ्याची. पाळी नसलेल्याने दुसऱ्या खोलीत झोपावं. काढलेलं दूध फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. आई अंगावरच पाजत असेल तर बाळ उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं बाबाचं.

लंगोट वाकडा बांधला म्हणून टोकू नका. दोनचारदा टोकलं की माणूस हात काढून घेतो. औषधाचं माप आणि बाळाला पाठीवरच झोपवणं, एवढ्यावर मात्र दोघांनीही अडून राहा.