विमान भरलेलं होतं हे मान्य, पण क्रेडिट शेल घेऊ नका

पेडण्याच्या ताईंची पोस्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: डिसेंबरातल्या लग्नाचं वऱ्हाड मोपाला, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावर आणायला त्यांनी एका विमान कंपनीकडे ग्रुप बुकिंग केलं आणि आगाऊ रक्कम भरली. आता कंपनीने ती फेरीच बंद केली आणि पैशांऐवजी क्रेडिट शेल घ्या म्हणते, म्हणजे पैसे कंपनीकडेच जमा राहणार आणि पुढच्या तिकिटाला वापरायचे. ताईंचा प्रश्न असा, की विमान तर दर खेपेला खचाखच भरलेलं दिसायचं, मग कंपनीला तोटा कसला?

म्हापशात तिकिटांचं काम करतो, त्यातून सांगतो. मी सीए नाही, वकीलही नाही. हे एका धंदेवाल्याचं मत समजा.

ताई, तुमचं घर मोपाच्या बाजूला. तुम्हाला दिसतं ते शुक्रवारी संध्याकाळी दिल्ली-बेंगळूरहून उतरणारं विमान. तेच विमान थोड्या वेळात परत जातं, तेव्हा आत किती माणसं असतात? रविवार-सोमवारी याच्या उलट. गोव्याची वाहतूक एका अंगाने चालते आणि रिकाम्या बाजूचं इंधनही कंपनीलाच जाळावं लागतं. जून ते सप्टेंबर भाडी पडतात, पण विमानाच्या भाडेपट्ट्याचा हप्ता पावसाळा ओळखत नाही. तो हप्ता डॉलरमध्ये, इंजिनांची दुरुस्ती आणि सुटे भागही डॉलरमध्ये, इंधनाचा दरही डॉलरला बांधलेला. तुम्ही-आम्ही देतो ते रुपये. रुपया घसरला की एकही तिकीट कमी न खपता नफा उडतो.

इंधन हा आपल्याकडे खर्चाचा तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के. ते अजून जीएसटीत नाही, त्यामुळे राज्याराज्याचा व्हॅट वेगळा आणि भरलेला व्हॅट पुढच्या करातून वजा करून मिळत नाही. त्यात आपल्याला दोन विमानतळ. दाबोळी नौदलाचं, तिथे सकाळी सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. मोपा जानेवारी 2023 पासून सुरू. दोन्हीकडून उडायचं तर काउंटर, माणसं, सामानाच्या गाड्या सगळं दुप्पट.

आता नफ्याचा आकडा पाहा. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना. 2025 साठी तिचा अंदाज होता प्रवाशामागे सुमारे 7 डॉलर, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. 180 आसनांच्या विमानात हे सहा-सात आसनांचे पैसे झाले. बाकीची सगळी आसनं खर्च भागवायला. तेवढी आसनं रिकामी राहिली, किंवा शेजारच्या कंपनीने भाडं थोडं उतरवलं म्हणून तुम्हीही उतरवलं, की संपलं. उतरवावं लागतंच, कारण दार बंद झाल्यावर रिकाम्या आसनाची किंमत शून्य. म्हणजे विमान भरलंय हे खरं, पण कोणत्या भावाने भरलंय ते पाहायचं. विमानं बनवणारे दोनच मोठे, इंजिनवाले दोन-तीन, विमानतळ एक किंवा दोन. त्यांच्यापुढे घासाघीस चालत नाही. घासाघीस फक्त आपल्या भाड्यावर होते.

आणि कधी दोष कंपनीचा नसतोही. गो फर्स्टने मे 2023 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला तेव्हा इंजिनांअभावी जवळजवळ निम्मी विमानं उभी असल्याचं सांगितलं होतं. उभ्या विमानाचंही भाडं चालूच. उलट इंडिगोसारख्या कंपनीने त्याच बाजारात 2024-25 मध्ये हजारो कोटी कमावले, तेव्हा ‘या धंद्यात नफाच नाही’ हेही खोटं. मोठा ताफा, बहुतेक एकाच जातीची विमानं, खर्चावर पकड, आणि समोरचे एकेक करून गळालेले: किंगफिशर 2012, जेट 2019, मग गो फर्स्ट. परदेशातलंही लांब नाही. सप्टेंबर 2019 मध्ये, नेमकं सीझनच्या तोंडावर, ब्रिटनची पर्यटन कंपनी थॉमस कुक बुडाली आणि आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांची चार्टरवर, म्हणजे पर्यटकांसाठी खास आणलेल्या विमानांवर बांधलेली गणितं कोसळली.

आता मुद्दा. इतक्या पातळ नफ्यावर चालणारी कंपनी रोजचा खर्च कुठून काढते? आपल्या आगाऊ पैशातून. डिसेंबरच्या प्रवासाचे पैसे तुम्ही ऑगस्टात दिले, ते ऑगस्टातल्या इंधनात गेले. तुम्ही गिऱ्हाईक नाही, बिनव्याजी सावकार आहात, तेही तारण नसलेले. तारणवाल्यांची गत काय होते ते कांदोळीला पाहिलंय. बुडालेल्या किंगफिशरच्या कर्जाला तारण असलेला किंगफिशर व्हिला हा बंगला बँकांनी ताब्यात घेतला, लिलाव पुन्हापुन्हा फसले, शेवटी 2017 मध्ये 73 कोटींना गेला. कायद्याने वाटपाच्या रांगेत आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणवाल्या बँका, आणि आपण पार खाली. तिथवर काही उरत नाही. म्हणून शेल नको. शेल म्हणजे त्याच सावकारीची मुदत वाढवणं. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याचा नियम सांगतो की क्रेडिट शेल घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने गळ्यात मारायचं नाही. ग्रुप भाड्याचा करार वेगळा असतो, तो आधी वाचा. पण फेरी कंपनीनेच रद्द केलीय, तेव्हा रोख परतावा ईमेलवर लेखी मागा. फोनवर कबूल केलेलं काही धरू नका.

माझं सगळ्यात जास्त नुकसान विमान कंपनीने केलं नाही, बँकेने केलं. अशीच एक कंपनी बंद पडली तेव्हा माझे पैसे कार्डावरून गेले होते, म्हणजे चार्जबॅकचा, बँकेमार्फत कार्डावरचे पैसे परत मागण्याचा रस्ता मोकळा होता. शाखेत गेलो. कंपनी सेवा देणार नाही असं कंपनीचं पत्र आणा, म्हणाले. कंपनीच्या ऑफिसला कुलूप, फोन उचलायला कोणी नाही, पत्र कोण देणार, कुलूप? मग म्हणाले हे कार्ड विभागाचं काम. कार्ड विभागाने परत शाखेकडे धाडलं. साहेब रजेवर, मग चवथीची सुट्टी, मग नवे साहेब. शेवटी उत्तर आलं: मुदत संपली. ती मुदत साधारण 120 दिवसांची असते आणि ती त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. अजून त्या काउंटरसमोरून गेलो की डोकं फिरतं. जाऊ दे.

तर कार्डाने भरले असतील तर शाखेत पाऊलच टाकू नका. आजच कार्ड विभागाला ईमेल करा, फेरी रद्द झाल्याचा कंपनीचा मेसेज जोडा, तक्रार क्रमांक घ्या. 30 दिवसांत धड उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी लागत नाही. तिकीट एजंट पोर्टलवर आधी पैसे भरून ठेवतात त्या वॉलेटमधून भरले असतील तर हा रस्ता बहुधा बंद, तिथे पोर्टलवाल्याच्या मागे लागा. आणि वॉलेटमध्ये आठवड्याच्या धंद्यापेक्षा जास्त शिल्लक ठेवू नका, बोनसचं आमिष कितीही दाखवोत.

कंपनी एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात गेलीच, तर कोर्टकचेऱ्या थांबतात, ग्राहक आयोगातलीही. मग जाहीर सूचना येते, त्यात दाव्याची तारीख असते. उशीर झाला तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून 90 दिवसांपर्यंत दावा घेतात. कोणता फॉर्म ते सीएला विचारा, एजंट म्हणून आणि प्रवासी म्हणून फरक पडतो.

लग्नघरच्यांना मात्र आजच सांगा. 20 डिसेंबरनंतरची भाडी बघवत नाहीत, वऱ्हाडातल्या निम्म्यांना तरी कोकण रेल्वेने थिवीला उतरवता येतं का पाहा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं.