'कुहुल अमुक आहाव' : हा अमुक गावाचा की घराण्याचा?

प्रश्न असा की मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या शिलालेखांत राजाच्या नावापुढे 'कुहुल अमुक आहाव' अशी पदवी येते, तर 'अमुक' हे त्या साइटचं, म्हणजे अवशेष सापडले त्या ठिकाणाचं, जुनं नाव समजायचं का? माझं उत्तर, सरसकट नको.

आहाव म्हणजे राजा, धनी. कुहुल म्हणजे दैवी (त्यातला क घशात अडवून फोडल्यासारखा, आपल्याकडे तसं अक्षरच नाही). गंमत लिहिण्यात आहे, डावीकडे थेंबांची ओळ ते कुहुल, मधलं मोठं चिन्ह ते अमुक, आणि आहाव त्याच्या डोक्यावर बसतं पण वाचायचं शेवटी. आपली ऱ्हस्व वेलांटी नाही का, लिहायची आधी नि उच्चारायची नंतर, तसलंच.

1958 मध्ये माया लेखांचा अभ्यासक हाइनरिश बर्लिनच्या लक्षात आलं की थेंब आणि आहाव सगळीकडे तेच, मधलं चिन्ह तेवढं साइटगणिक बदलतं. तेव्हा ही चिन्हं वाचता येत नव्हती बरं का! ते गाव, घराणं की देव हे त्याने उघडंच ठेवलं आणि ते शहाणपणाचं ठरलं, कारण तिकाल या माया शहराचं मुतुल (मागे बांधलेल्या केसांचं चिन्ह) दोस पिलास या दुसऱ्या शहराचे राजेही लावतात, ती तिकालच्याच घराण्याची फुटलेली पाती. पालेंकेचा राजा बाकालचा, पण गावाचं नाव लाकामहा, म्हणजे मोठं पाणी.

सापाचं चिन्ह लावणारे कानुल घराण्याचे राजे तर आधी झिबांचेला होते, सातव्या शतकात कालाकमुलला गेले तरी पदवी तीच, आणि कालाकमुलचं स्वतःचं नाव वेगळंच, चीक नाब. आपले निंबाळकर आठवा, आडनाव निंबळकवरनं आणि राज्य फलटणला. नुसत्या आडनावावरनं पत्ता शोधाल तर भलत्याच स्टँडवर उतराल.

उलटंही होतं, नाव आहे पण गावच नाही. साक त्सी, म्हणजे पांढरा कुत्रा, ह्या राज्याचा उल्लेख शेजारच्या राजांच्या लेखांत येतो, पण ते नेमकं कुठे हा घोळ कित्येक वर्षं चालला. मग 2014 मध्ये मेक्सिकोतल्या चियापासमध्ये रस्त्याकडेला खाणं विकणाऱ्या एकाने संशोधक विद्यार्थ्याला सांगितलं की माझ्या मित्राकडे एक जुना कोरलेला दगड आहे. तो मित्र गुरं पाळणारा, आणि त्याच्याच रानात, लाकान्हा त्सेल्ताल गावाजवळ, पिरॅमिड आणि चेंडूच्या खेळाचं मैदान निघालं. हेच साक त्सी असावं, असं संशोधक मानतात.