'सेट': एक शब्द की दोन?

प्रश्न असा आहे: दागिन्यांचा सेट, सिमेंट सेट होणं, घड्याळ सेट करणं, पेपर सेट करणं हे सगळे एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ आहेत का, आणि त्याला एकच मराठी प्रतिशब्द सांगता येईल का?

एकच प्रतिशब्द विसरा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'च्या नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले आहेत. भूतकाळातही त्याचं रूप बदलत नाही, आणि हा शब्द कुठेही खपतो.

दागिन्यांचा सेट मात्र मुळात परका. समूह या अर्थाचं नाम जुन्या फ्रेंचमधून आलं, मागे लॅटिनमधला 'सेक्ता', म्हणजे अनुयायांचा गट. क्रियापदाशी उच्चार जुळला आणि दोघं एकमेकांत मिसळली. गणितात ज्याला आपण 'संच' म्हणतो, तो इंग्रजी 'सेट'ही याच फ्रेंच शब्दातला.

क्रियापद अस्सल इंग्रजी. 'सिट' म्हणजे बसणं, 'सेट' म्हणजे बसवणं; आपण 'बस'ला 'व' लावून प्रयोजक करतो, त्यांनी आतला स्वर बदलला. संस्कृतातला 'सद्' धातू याच कुळातला. सदन, सदस्य, परिषद, उपनिषद ही त्याची भावंडं. (आपलं 'बसणं' मात्र या घराण्यातलं नाही, ते 'उपविश्' वरून, जुन्या 'बैसणे'तून आलं.)

म्हणून जिथे काही पक्कं बसतं, तिथे मराठी आपसूक जुळते: अंगठीत खडा बसवतात, निखळलेलं हाड बसवतात. पण घड्याळ, गजर, सापळा, आग यांना आपल्याकडे 'लावणं' लागतं. खरं तर 'सेट'च्या तोडीचं मराठी क्रियापद हेच: दिवा, झाड, नाव, वेड, काहीही लावा. उरलेल्या ठिकाणी वाट वेगळी. टेबलावर ताटं मांडायची, प्रश्नपत्रिका काढायची, सूर्य मावळायचा. तिथे 'सेट'चा हट्ट धरू नये. सिमेंट सेट झालं म्हणायला हरकत नाही, गवंडीही तेच म्हणतो.

'मुलगा आता सेट झाला' हा वापर मला मजेशीर वाटतो. इंग्रज तिथे बहुधा 'सेटल्ड' म्हणेल. तोही 'सिट'चाच नातलग, जुन्या इंग्रजीतल्या आसन या अर्थाच्या शब्दावरून आलेला. आणि मराठीत अशा मुलाचं बस्तान बसलं, असं आपण म्हणतोच.